कोठी, उंदरांसकट

झाशीच्या खंडेराव गेटच्या आत, पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन घरांत एक गैरसोय होती. जगन्नाथरावांची धान्याची कोठी प्रेमलाबाईंच्या अंगणात होती आणि प्रेमलाबाईंचा गोठा जगन्नाथरावांच्या अंगणात. मधल्या भिंतीत ये-जा करायला एक दार.

गैरसोय, म्हणजे लोकांच्या मते. जगन्नाथरावांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढलेली; मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दारापासून गोठ्यापर्यंत चौदा पावलं. ती चालायला प्रेमलाबाईंना रोज वीस मिनिटं लागत, कारण वाटेत ओटा होता आणि ओट्यावर जगन्नाथराव बसलेले असत. बायको गेल्यापासून त्यांचं दिवसभराचं मराठी या वीस मिनिटांत आटपायचं.

बबीन्याच्या छावणीतून मुलगा संभाजी सुटीवर आला आणि म्हणाला, "बाबा, हा काय झमेला आहे? त्यांची गाय आपल्याकडे, आपले गेहूं त्यांच्याकडे! त्या दोन जागांची कागदावर अदलाबदल करा, दार बंद करा. रोजची कटकट खतम!"

"कटकट कसली..." जगन्नाथराव पुटपुटले.

"मावशी, तुम्हाला चालेल ना?"

प्रेमलाबाईंनी दुधाची चरवी या हातातून त्या हातात घेतली. "तुझ्या बाबांना चालत असेल तर."

"बाई म्हणतील तसं," जगन्नाथराव म्हणाले. आणि ठरलं.

संभाजी गवंडी ठरवायला गेला, हे दोघं कचेरीत. दस्त लिहिणाऱ्या मुंशीजींनी विचारलं, "क्या देंगे, क्या लेंगे?"

जगन्नाथरावांच्या डोळ्यांपुढे ते दार होतं. जन्म झाशीत गेलेला, पण तोंडून घरातलाच शब्द निघाला. "मेरी कोठी इनको. इनकी गौशाला मुझे."

मुंशीजींची लेखणी थांबली. "कोठी? पूरी?"

"पूरी. चूहों समेत."

"बड़ा दिल पाया है साहब ने," म्हणत मुंशीजींनी लिहून टाकलं. परीक्षानळ्यांची पावतीसुद्धा दोनदा वाचणाऱ्या जगन्नाथरावांनी न वाचता सही केली. प्रेमलाबाईंनी चष्मा पुसून कागद सावकाश वाचला आणि मग केली.

त्याच संध्याकाळी गाय तिकडे गेली, गहू इकडे आले आणि दार बुजलं. जगन्नाथराव ओट्यावर कोऱ्या भिंतीसमोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी कावळ्याशी दोन वाक्यं बोलून पाहिली. तो बुंदेली निघाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या दाराची कडी वाजली. प्रेमलाबाई गल्लीला वळसा घालून आल्या होत्या, हातात कागद.

"घरमालकीण आहे. आत येऊ का?"

संभाजीने कागद वाचला. "बाबा! हिंदीत कोठी म्हणजे हवेली! तुम्ही सगळा मकान देऊन टाकला! आपल्या नावावर फक्त गोठा!"

"आणि उंदीर?" जगन्नाथरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तेही मावशींचे! थांबा, त्या मुंशीला पकडतो!" म्हणत संभाजी अनवाणीच धावला.

"दुरुस्ती होईल हो सवडीनं," प्रेमलाबाई ओट्यावर टेकत म्हणाल्या. "पण तोवर अंगण माझं, भिंत माझी. मला माझं दार उघडून हवं."

जगन्नाथरावांनी बोटांवर हिशेब मांडला. काहीतरी जुळत नव्हतं.

"बाई, तुम्ही कन्याशाळेत तीस वर्षं कोणता विषय शिकवलात?"

"हिंदी."

"मग परवा कागद वाचताना कळलं नाही?"

"पहिल्याच ओळीत कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

प्रेमलाबाईंनी पदर सारखा केला. "तुम्ही तरी दार राहू द्या म्हणालात का?"

सिमेंटला पुरती पकड यायला निदान आठवडा लागतो, हे जगन्नाथरावांना ठाऊक होतं. आज तिसराच दिवस. ते पहार शोधायला उठले.