जीवनसत्त्वांच्या गिऱ्हेपुंजेबाई

आमच्या गल्लीतल्या गिऱ्हेपुंजेबाई कोणालाही नमस्कार करत नाहीत. समोर आलेल्या माणसाला त्या एवढंच सांगतात, "जीभ काढ." माणूस कितीही मोठा असो. साकोलीहून एकदा कसलेसे साहेब आले होते, जीपमधून उतरून रस्ता विचारत होते. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मुकाट्यानं जीभ बाहेर काढली. "तोंडाचे कोपरे फाटले जी तुमचे. दूध, अंडी, पालेभाजी खात जा. रस्ता डाव्या हाताले आहे."

बाई अंगणवाडीत सेविका होत्या. निवृत्त झाल्या त्या फक्त सरकारच्या दृष्टीनं. दुपारी त्या कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरतात आणि भाताचं झाकण उचलतात. तांदूळ चार-चार पाण्यांनी धुणारी बाई त्यांच्या लेखी दरोडेखोर. पेज ओतून देताना कोणी सापडली तर विचारूच नका. "अवो, सत्त्व मोरीत आन चोथा ताटात! शिजवता तरी कायले मग?" डोळ्यांसाठी शेवग्याचा पाला आणि पपई, हिरड्यांसाठी आवळा, हाडांसाठी सकाळचं ऊन. संक्रांतीला सगळ्यांनी वाणात प्लास्टिकचे डबे वाटले, बाईंनी आवळे वाटले. बायका मागून हसतात. बाईंना ते ठाऊक आहे आणि त्याची त्यांना काडीचीही पर्वा नाही.

मग रेशनच्या तांदळात जीवनसत्त्वं घातलेले दाणे मिसळून येऊ लागले. आमचा भाग धानाचा. इथली म्हातारी माणसं दाणा चिमटीत धरून वाण सांगतात. त्यांना हा परका दाणा लगेच दिसला. जरा पिवळसर, पाण्यात तरंगणारा. प्लास्टिकचा आहे, असं चावडीवर ठरलं. घरोघरी सुपं निघाली आणि मुद्दाम घातलेलं सत्त्व आमच्या बायकांनी एकेक दाणा वेचून कोंबड्यांना टाकलं. त्या वर्षी गावात तब्येत सुधारली ती फक्त कोंबड्यांची.

ग्रामसभेत तांदूळ परत पाठवायचा ठराव आला. बाई न वेचलेल्या तांदळाच्या भाताचा डबा घेऊनच आल्या होत्या. सगळ्यांसमोर उभ्यानं, मीठ-मिरचीशी, त्यांनी तो चाटूनपुसून खाल्ला. "उद्या मी उठली नाही त खुशाल परत धाडा तांदूळ. उठली, त एकेकाच्या घरी येईन!"

दुसऱ्या दिवशी त्या उठल्या आणि सगळ्यांत आधी आमच्याकडे आल्या.

त्याला कारण होतं. माझ्या बायकोला, सुनीताला, दुसरा महिना चालू होता. आई ओसरीवर सूप घेऊन तिच्यासाठी तांदळातले ते दाणे वेचत होती. दवाखान्यातून मिळालेल्या, पहिल्या महिन्यांतच घ्यायच्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही तिनं वरच्या फळीवर ठेवून दिल्या होत्या. "गोळ्यांनं लेकरू काळं होते. पाचव्या महिन्यात पाहू." मी काही बोललो नव्हतो. बाहेर मी बराच वाघ आहे, आईसमोर माझी मांजर होते, हे इथे कबूल करून टाकतो.

"वयनी, सुनीताच्या गोळ्या कुठं आहेत?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"माह्या घरात तुमची अंगणवाडी नाही चालत," आई सुपातून मान वर न करता म्हणाली. "माही सून आहे. मी पाहीन."

आता पेटणार, म्हणून मी खुर्ची मागे सरकवली. पण बाई आईच्या समोर जमिनीवर बसल्या.

"माही सासूही असंच म्हणे," त्या म्हणाल्या. "दिवसभर मी गावाले गोळ्या वाटत होती आन माह्या वाटणीच्या तलावात फेकत होती. सासूले कोण नाराज करते? पोरगी झाली. पाठीचा कणा उघडाच होता तिचा. अकरा दिवस राहिली."

बाईंना कधी मूल झालं होतं, हेच गल्लीत कोणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि इतकी वर्षं त्यांच्या नकला करून मी लोकांना हसवत आलो, याची मला शरम वाटली.

"गोळ्यांनं वाचली असती का?" आईनं हळूच विचारलं.

"कितीक वाचतात, साऱ्या नाही वाचत. डॉक्टर म्हणे, सांगता येत नाही. पण मी घेतल्याच नाही ना, वयनी."

आईचा हात सुपात थांबला. "नाव काय ठेवलं होतं पोरीचं?"

"नाव बाराव्या दिवशी ठेवतात ना जी," बाई म्हणाल्या.

आई उठली. स्टूल ओढून तिनं फळीवरचं पाकीट काढलं, सुनीताला हाक मारली, गोळी तिच्या हातात दिली आणि ती गिळेपर्यंत पाण्याचा पेला धरून तिच्यासमोर उभी राहिली.