हिरडेवाडीची शाळा हद्दीवर बसली

सोमवारी प्रार्थना झाल्यावर हिरडेवाडीची प्राथमिक शाळा जागेवरून उठली आणि डोंगर चढू लागली.

मंदाकिनी खरातबाई तेव्हा भागाकार शिकवत होत्या. जमीन हलतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी मुलांना भिंतीला टेकून बसायला सांगितलं आणि हातातलं उदाहरण पुरं केलं. स्वयंपाकाची खोली वेगळ्या योजनेतून बांधलेली होती, त्यामुळे ती मागेच राहिली. खिचडी करणाऱ्या ठकूबाई झोरे पातेलं डोक्यावर घेऊन शाळेच्या मागून चालत गेल्या.

शाळेला निघायला कारण होतं. मुलं कमी असलेल्या शाळा बंद करून तिथली मुलं मोठ्या शाळांत पाठवायची, म्हणजे शिक्षण सुधारेल, असा आदेश आला होता. हिरडेवाडीत अकरा मुलं होती. मोठी शाळा ओढ्यापलीकडे, जंगलातून दोन तासांवर. मुलगे कदाचित गेले असते. ठकूबाईंची तानी गेली नसती. शाळा बंद होणार हे कळल्यावर तिच्या बापानं म्हशी राखायचं काम तिच्याकडे देऊनही टाकलं होतं.

वाडीला लागूनच वरच्या पठारावर दोन जिल्ह्यांची हद्द आहे. शाळा तिथे पोचली, जरा अलीकडे-पलीकडे सरकली आणि हद्द बरोबर वर्गाच्या मधोमध येईल अशी खाली बसली. फळा आणि बाईंची खुर्ची जुन्या जिल्ह्यात राहिली. मुलांच्या सतरंज्या पलीकडच्या जिल्ह्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी बिडवे कुलूप घेऊन हिरडेवाडीला आले. तिथे स्वयंपाकाची खोली तेवढी होती. उमटलेल्या खुणांवरून माग काढत ते मोटारसायकलनं पठारावर पोचले, तेव्हा पलीकडच्या जिल्ह्याच्या अधिकारी मुल्लामॅडम मुलं मोजत होत्या.

"शाळा बंद करायची आहे," बिडवे म्हणाले. "पट कमी आहे."

"तुमच्याकडे पट किती?"

बिडव्यांनी आपल्या बाजूला पाहिलं. तिथे फक्त खरातबाई होत्या. "शून्य."

"मग ती शाळा बंदच आहे. बंद शाळा परत कशी बंद करणार?"

बिडव्यांना हे पटलं. "आणि तुमच्याकडे?"

"माझ्याकडे अकरा मुलं आहेत आणि जवळपास शाळा नाही. मला इथे शाळा द्यावी लागेल." मॅडमनी छताकडे, खिडक्यांकडे नजर टाकली. "दिली."

"शिक्षक?"

"त्या तुमच्या आहेत. मला त्यांना हलवता येणार नाही."

"मलाही नाही. त्यांना शून्य पटाच्या शाळेतून काढायचं तर आधी शाळा बंद करावी लागेल, आणि ती तर बंदच आहे."

खरातबाईंनी मध्येच विचारलं, "मी शिकवू का पुढे?"

दोघांनी विचार केला. शिकवणं अलीकडून होत होतं, शिकणं पलीकडे. त्याला मनाई करणारा नियम कुणालाच आठवेना. शेवटी बिडव्यांनी वरिष्ठांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"नियम काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

"शाळा एका जागी असते, असं नियमानं धरलेलं आहे, साहेब."

"म्हणजे नियम तिथवर पोचत नाही. ठीक आहे. तुम्ही जेवलात का?"

"नाही."

"मग जेवून घ्या."

बिडव्यांनी फोन ठेवला आणि कुलूप पिशवीत टाकलं. मग ते मुलांच्या रांगेत मांडी घालून बसले. या वर्षी त्यांनी बऱ्याच शाळांना कुलूप लावलं होतं आणि दर वेळी घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नव्हतं. आज त्यांनी खिचडी दोनदा मागून घेतली.

ठकूबाईंनी वाढता वाढता विचारलं, "सायेब, मग तानी येऊ दे न्हवं शाळेत?"

"येऊ दे."

"तिच्या बापाला काय सांगू?"

"सांगा, सरकारचं काही म्हणणं नाही."

ठकूबाईंनी पातेलं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि थोडा वेळ तिथेच भिंतीला टेकून बसल्या. तानी फळ्यावरचं लिहून घेत होती. तिनं मान वर केली नाही.

निघताना बिडवे दारात घुटमळले. "बाई, यादीत अजून चार शाळा आहेत," ते हळूच म्हणाले. "त्यांना कळवता येईल का काही?"

"कळलंय त्यांना," खरातबाई म्हणाल्या.

बिडव्यांनी खाली पाहिलं. वळणावरून पत्र्याची एक शाळा सावकाश वर येत होती. मुलं खिडक्यांच्या गजांना धरून उभी होती आणि आतून पाढे ऐकू येत होते.

बिडव्यांनी मोटारसायकल उचलून बाजूला लावली आणि जागा करून दिली.