डोमाजी काकांचं गेट

आमच्या बिल्डिंगमध्ये पार्सल घेऊन आलेल्या माणसाला "कोणाचं पार्सल?" असं आधी कोणी विचारत नाही. आधी विचारतात, "कोन्या गावचा?"

विचारणारे डोमाजी काका. गाव कळल्याशिवाय गेटची कडी निघत नाही. गावानंतर आडनाव, आडनावानंतर मामाचं गाव. तिथपर्यंत गेलं, की समोरचा माणूस काकांच्या साडूचा पुतण्या किंवा साळ्याचा व्याही निघतोच. मग कडी निघते.

"अनोळखी मानूस आत सोडाचा नाही, हे तुमीच सांगतलं न सर?" असं वर मलाच ऐकवतात.

पांढुर्णा जिल्हा झाला, साहेब लोक बदलून येऊ लागले, तशा इथे इमारती उठल्या. त्यातलीच आमची एक, बारा फ्लॅटची. मी तिचा सेक्रेटरी. आमच्या खानदानात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मी, बी.कॉम., सेकंड डिव्हिजन. हे मी सगळीकडे सांगतो, म्हणून इथेही सांगितलं. काका आमचे मॅनेजर. गेट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सगळं त्यांच्याकडे. काकू गेल्यापासून गेटाजवळच्या खोलीत एकटेच राहतात.

आधी तीस वर्षं ते जिनिंगच्या फाटकावर होते. कापसाच्या गाड्या रांगेनं आत घ्यायच्या. "पयले मानूस उतरवा, मंग माल," हा तिथला त्यांचा कायदा. कापूसवाल्याला दिवसभराची सवड असायची. पार्सलवाल्याला संध्याकाळपर्यंत अख्खं गाव पालथं घालायचं असतं, हे काकांना पटत नाही. "घाई हाय त मंग आला कायले?" असं ते मनापासून विचारतात.

मोबाइलमधली रस्ता सांगणारी बाई पार्सलवाल्यांना हमखास आमच्या मागच्या नाल्यात नेते. काकांचा तिच्यावर राग आहे. "तिले काय मालूम इथलं? तिचं ना सासर इथं, ना माहेर!" ओटीपीवर तर दुप्पट राग. "स्वतःचं नाव सांगाले याले जड जाते, अन् आमचा नंबर मांगून राहिला!"

तिसऱ्या मजल्यावरच्या दुबे साहेबांचा फ्रिज आला तेव्हाची गोष्ट. टेम्पो नागपूरहून आलेला. ड्रायव्हरचा मामा लोधीखेड्याचा निघाला, आणि त्या मामाच्या लग्नात काकांनी स्वतः पंगत वाढलेली. मग काय विचारता! मामाची तब्येत झाली, मामीचे गुडघे झाले, लोधीखेड्यातल्या कोणत्या घरी कोण उरलं तेही झालं. शेवटी ड्रायव्हर काकांच्या पाया पडला, डोळे पुसले आणि टेम्पो घेऊन निघून गेला. फ्रिजसकट. तो सौसरला पोचल्यावर त्याला मागे काहीतरी आहे असं आठवलं. दुबे साहेबांचं दूध त्या दिवशी नासलं.

ते नासलेलं दूध दुबे साहेब विसरले नाहीत. पुढे त्यांची तीन पार्सलं 'घरी कोणी नाही' असा शेरा मारून गेटावरूनच परत गेली, कारण पार्सलवाले आमच्या गेटाला घाबरू लागले होते. दुबे साहेबांनी बैठक लावली. "इनको हटाइए. कोई ट्रेनिंगवाला गार्ड रखिए." काकांना काढायचं म्हणजे खोलीही गेली. ठरलं असं, की मी एक दिवस मोबाइलवर वेळ लावून मोजायचं, कोणाला किती थांबवतात ते, आणि संध्याकाळी बैठकीत आकडे वाचायचे. शिकलेला माणूस म्हणून काम माझ्याकडे आलं.

मी पंपाच्या आडोशाला खुर्ची टाकली. पहिला माणूस सहा मिनिटं. दुसरा मोर्शीकडचा, नातं लवकर लागेना, अकरा मिनिटं. तिसरा मनोहर. हा रोजचाच, पस्तिशीचा, पाठीवर भलीमोठी पिशवी. त्याला काकांनी गाव विचारलं नाही. सरळ आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"तिगावले गेलता?"

"जाऊनच येऊन राहिलो काका."

तिगाव म्हटल्यावर मी कान टवकारले. काकांची लेक सविता स्वतःच्या मनानं लग्न करून तिगावला गेली, त्याला सात वर्षं झाली. पांढुर्ण्यापासून तिगाव ते किती! पण काका गेले नाहीत, ती आली नाही. काकांसमोर तिचं नाव काढायची कोणाची छाती नाही. काढलंच तर म्हणतात, "मले पोरगी नाही."

"त्या मारुतीजवळच्या घरी होतं काई?" काकांनी गेटाकडे पाहत विचारलं.

"होतं न. कपड्याचं होतं."

"कोनं घेतलं?"

"ताईच होती घरी."

"बरी हाय?"

"बरीच दिसली. कणीक मळून राहिली होती, हात भरलेले. म्हनून मंग पोरीनं घेतलं पाकीट. ओढूनच घेतलं माह्या हातातून, मोठी दांडगी हाय!"

काकांनी गेटावरची नजर काढून मनोहरकडे वळवली.

"पोरगी हाय?" ते म्हणाले.

मनोहर त्यांच्याकडे बघतच राहिला. "हो काका. असन चारक वर्साची."

"नाव काय तिचं?"

"ते नाही विचारलं बाप्पा."

"अरे, पार्सल देते अन् नाव नाही विचारत?" काका एकदम खेकसले. मग हळूच म्हणाले, "उद्या जाशीन का तिकडं?"

मनोहर उठला तेव्हा माझ्या मोबाइलवर तेवीस मिनिटं झाली होती.

संध्याकाळच्या बैठकीत मी आकडे वाचले. तेवीसही वाचले, खोटं बोललो नाही. दुबे साहेब म्हणाले, "तो फैसला हो गया." मी म्हणालो, "एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढत नसतात. आम्हाला कॉलेजात तसं शिकवलं आहे. उद्या पुन्हा मोजतो." कॉलेजात असं काही शिकवल्याचं मला आठवत नाही. पण डिग्री माझी होती, दुबे साहेबांनी आणखी एक दिवस दिला.

दुसऱ्या दिवशी काका सकाळपासून गेटावर उभे. धुतलेला सदरा. त्या सकाळी आलेल्या दोन पार्सलवाल्यांना त्यांनी गाव न विचारताच आत सोडलं. ते बिचारे पायऱ्यांवर थबकून मागे वळून बघत होते. दुपार कलताना मनोहरची गाडी आली. आमचं पार्सल नव्हतं. त्यानं गाडी बंदही केली नाही, रस्त्यावरूनच ओरडला, "काका! वैष्णवी! घरी वैशू म्हनतात!" आणि गेला.

अर्धं मिनिटही लागलं नाही. मी तसं लिहून घेतलं.

"कसा ओरडून राहिला पाहा, रस्त्यावर," काका मला म्हणाले आणि गेटाची कडी लावायला वळले. ती कडी लावायला त्यांना फार वेळ लागला. तो मी मोजला नाही.