खाट क्रमांक नऊच्या तक्रारी

टाकीत ४५० लिटर

पहिली तक्रार सकाळी नऊ पन्नासला आली, आणि ती खरी होती.

"तिसरा मजला, खिडकी पंधरा, डावीकडचा वरचा कोपरा," देखभालसाहेबांनी चिठ्ठी वाचली. "मातीचा ओघळ राहिलाय म्हणे. पेशंटची तक्रार आहे. किती चालतात, ठरलंय ना आपलं?"

"तीन," काचवाला म्हणाला.

"तीन चालतात. चौथी आली की मी दुसऱ्या कंपनीला फोन लावायला मोकळा."

ठरले होते ते असे. दोन वाजता पेशंटना भेटायची वेळ सुरू होते. त्याआधी काचवाल्याने इस्पितळाच्या एकशे चौसष्ट खिडक्या बाहेरून धुवायच्या. काम पसंत पडले तर वर्षभराचे कंत्राट त्याचे. पैसे हातात मिळायचे नाहीत; ते तिसऱ्या मजल्यावरच्या खाट क्रमांक नऊच्या बिलात वळते व्हायचे. त्या खाटेवर काचवाल्याचे वडील होते. काम पसंत पडले नाही, तर खाट आजच रिकामी करायची. डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांच्या भाषेवर आले होते. त्यामुळे वर्षभराच्या काचांच्या बदल्यात ही खाट द्यायला साहेब एका पायावर तयार झाले होते.

काचवाला लॉनवर परतला. नऊला सुरुवात केली होती. खिडकीला दीड मिनिट धरले तर एव्हाना तेहेतीस व्हायला हव्या होत्या. झाल्या होत्या सोळा. त्याने गाडीचे मागचे दार उघडले. आत पाचशे लिटरची टाकी, पंप, नळीचे रीळ आणि रिळाला टेकून बसलेला त्याचा मेहुणा. पंपाचा नॉब एकवर होता.

"हा दोनवर होता."

"होता. मी एकवर आणला," मेहुणा म्हणाला. "भावजी, मिनिटाला दोन लिटर सोडतो आपण. एकच सोडलं तर अर्धं पाणी वाचतं. ते गाळायला रात्रभर मशीन चालतं, ताईला झोप नाही, विजेचं बिल येतं ते वेगळंच."

"आणि खिडकीला वेळ किती लागतोय?"

मेहुण्याने विचार केला. "तुम्ही आज जरा हळूच होतात. मला वाटलं, बाबांचं टेन्शन असेल."

मेहुण्याने आजवर तीन धंदे बुडवले होते, आणि तिन्ही काटकसरीने. पाणी अर्धे सोडले की माती वाहून जायला दुप्पट वेळ लागतो. म्हणजे पाणी तेवढेच जाते, दिवस मात्र हातचा जातो. वर ओघळ राहतो तो राहतोच. काचवाल्याने नॉब दोनवर आणला, टोकाला पाण्याची नळी आणि ब्रश लावलेला लांब पोल पुन्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवला आणि सोळाच्या सोळा खिडक्या पुन्हा धुतल्या.

टाकीत ४०२ लिटर

उरल्या एकशे अठ्ठेचाळीस. खिडकीला तीन लिटर. हवे चारशे चव्वेचाळीस, आहे चारशे दोन. पाणी वाचवायला गेले नसते, तर पाणी पुरले असते.

"बागेतल्या नळाचं घेऊ," मेहुणा म्हणाला.

"त्यात क्षार असतात. वाळलं की पांढरे ठिपके पडतात. आख्ख्या इस्पितळाला देवी आल्यासारखं दिसेल."

"मग बॅटरीत घालतात ते? तेही शुद्धच असतं की."

मेहुण्याच्या आयुष्यातली ही पहिली बरोबर सूचना होती, त्यामुळे काचवाल्याला ती पटायला वेळ लागला. मग त्याने खिशात होते तेवढे पैसे काढून दिले. मेहुणा बॅटरीच्या दुकानाकडे चालत गेला. बसचे पैसे त्याने वाचवले.

टाकीत ३१० लिटर

"दुसरी," साहेब म्हणाले. "काचेवर पाण्याचे थेंब तसेच सोडलेत. पुसले नाहीत."

"पुसायचे नसतातच, साहेब. गाळलेल्या पाण्यात काही उरलेलं नसतं. ते आपोआप वाळतं, डाग राहत नाही."

"मी हेच सांगितलं पेशंटला. तो म्हणाला, हे आळशी माणसाचं शास्त्र आहे."

काचवाल्याने पोल खाली घेतला. "कितवी खाट?"

"नऊ."

हे वाक्य त्याने चार वर्षांपूर्वी, शब्द न शब्द असेच, ऐकले होते. बाबांनी चाळीस वर्षे दोराला लटकून, बादली, फडके आणि पाणी निपटायचे रबर घेऊन काचा पुसल्या होत्या. काचवाल्याने पोल घरी आणला त्या दिवशी त्यांनी तो भिंतीला उभा पाहिला, हेच वाक्य उच्चारले आणि मग धंद्याविषयी बोलणे बंद केले. तेव्हापासून बापलेकांत जेवण आणि औषधे एवढेच विषय उरले होते.

"साहेब, ते माझे वडील आहेत."

"माहीत आहे. पण रजिस्टरमध्ये ते पेशंट आहेत."

"दोन मिनिटं वर जाऊन येऊ का?"

साहेबांनी त्याच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिले. "दोनला. भेटायच्या वेळेत."

टाकीत १९० लिटर

"हॅलो. डबा दिलास का बाबांना?" काचवाल्याने फोनवर बायकोला विचारले. डब्यापुरते तिला वॉर्डात सोडत.

"दिला. खाताहेत."

"त्यांना सांग, तक्रारी करू नका. खाट जाईल."

"सांगितलं. दोनदा सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, दोनदा नको सांगूस, मला एकदाच कळलंय."

"म्हणजे करणार नाहीत ना?"

"अहो, ते म्हणाले, हात धुतला की तिसरी लिहितो."

पोलच्या टोकाचा ब्रश दुसऱ्या मजल्यावरच्या कुठल्याशा काचेवर पाणी सांडत होता.

"तू समजाव ना त्यांना."

"मी म्हटलं, बाबा, काचा तर छान दिसताहेत. तर म्हणाले, तू चपात्या छान करतेस."

टाकीत १४५ लिटर

तिसरी तक्रार: ब्रशच्या घासण्याचा आवाज येतो, त्यामुळे खाट क्रमांक आठच्या पेशंटची झोपमोड होते.

तक्रारीखाली सिस्टरने बारीक अक्षरात लिहिले होते: खाट क्रमांक आठचा पेशंट सहा दिवसांपासून बेशुद्ध आहे.

"तरी धरावी लागणार," साहेब म्हणाले. त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. दुसरी कंपनी तिप्पट पैसे मागत होती, आणि तेही रोख. "हे बघा, तुम्ही तुमचं काम उरका. शेवटी मी स्वतः वर जाऊन त्यांच्याजवळ उभा राहतो. एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत ती पंधरा नंबर धुवा, त्यांच्या तोंडून ठीक आहे म्हणवून घेतो, की झालं."

एक वाजता मेहुणा आला. वाण्याची ढकलगाडी मागून घेऊन त्याने बारा कॅन ढकलत आणले होते. साठ लिटर. आजच्या कामाचे पैसे हातात मिळणार नव्हतेच; खिशात होते तेही या बारा कॅनमध्ये गेले होते.

"एक कॅन फुकट मागितला," टाकीत ओतताना तो म्हणाला. "नाही दिला त्याने."

टाकीत १० लिटर

एक पन्नासला एकशे चौसष्ट खिडक्या झाल्या. उरली एकच, तीही धुतलेली.

काचवाल्याने पोल पंधरा नंबरवर चढवला. काचेआड साहेब रजिस्टर घेऊन उभे होते. त्यांच्या शेजारी, पलंगाच्या कडेला धरून, बाबा उभे होते. अकरा दिवसांत त्यांना कोणी उभे पाहिले नव्हते. इस्पितळाचा सदरा त्यांच्या अंगावर दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसत होता.

त्यांनी खाली पाहिले. मग बोटाने खिडकीची वरची कड दाखवली. काचवाल्याने ब्रश कडेला नेला. बाबांनी हात पुढे केला, तळवा वर ठेवला आणि बोटे दोनदा मिटून उघडली.

ही खूण त्यांच्या दोघांची होती, दोराच्या दिवसांतली. बाबा वर लटकलेले असत, काचवाला खाली नळापाशी. वरून ओरडलेले खाली ऐकू येत नसे, म्हणून हाताने बोलायचे. बोटे उघडली की पाणी वाढव. मूठ आवळली की बंद कर. चार वर्षांनी बाबा त्याला काम सांगत होते.

"वाढव," त्याने मेहुण्याला सांगितले.

"किती?"

वर बोटे पुन्हा मिटली आणि उघडली.

"अजून."

"भावजी, तीनवर आहे."

बोटे मिटली, उघडली.

"पूर्ण सोड."

मेहुण्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण सोडले. मिनिटाला पाच लिटर.

पंधरा नंबरच्या खिडकीच्या वरच्या चौकटीतले रबर सुटलेले होते. खालून ते दिसत नव्हते. खाट क्रमांक नऊवरून मात्र अकरा दिवस त्याशिवाय दुसरे काही दिसत नव्हते. पाणी त्या फटीतून आत आले ते थेट साहेबांच्या डोक्यावर, तिथून रजिस्टरवर आणि रजिस्टरवरून विजारीवर. साहेब मागे सरकले ते आठ नंबरच्या सलाइनच्या स्टँडवर. खाली फक्त काचेआड काहीतरी धावपळ दिसत होती, आणि त्या धावपळीत बाबांचा हात शांतपणे मिटत होता, उघडत होता. मूठ काही आवळली जात नव्हती.

आठ नंबरच्या पेशंटने डोळे उघडले, भिजलेल्या साहेबांकडे पाहिले आणि पुन्हा मिटून घेतले. सिस्टरने वेळ लिहून ठेवली.

टाकीत ० लिटर

"चौथी माझी," साहेब खाली येऊन एवढेच म्हणाले. त्यांच्या बुटांतून चालताना आवाज येत होता.

भेटायच्या वेळेत, पण भेटायला नव्हे, काचवाला वर गेला. बाबा पलंगावर बसले होते. पायांत चपला, अंगात घरचा सदरा, मांडीवर पिशवी. तिची गाठसुद्धा मारून झाली होती.

मेहुण्याने आणि त्याने मिळून त्यांना जिन्यावरून उतरवले. त्यांना उचलायला खरे तर एकच माणूस पुरला असता. गाडीच्या मागच्या भागात, रिकाम्या टाकीच्या बाजूला, नळीच्या रिळावर सतरंजी टाकून त्यांना आडवे केले. मेहुणा गाडी चालवायला बसला. काचवाला मागे, त्यांच्या पायांशी.

दोन चौक गेल्यावर त्याला राहवले नाही.

"काय मिळालं, बाबा? सांगा ना. तिथं ऑक्सिजन होता, सिस्टर होती, रात्री हाक मारली की माणूस येत होता. वर्षभर मी तिथल्या काचा धुतल्या असत्या. माझं काम वाईट होतं, एवढं दाखवायला खाट घालवलीत?"

"काम चांगलं होतं," बाबा म्हणाले.

गाडी खड्ड्यातून गेली. टाकी पोकळ वाजली.

"पहिली खरी होती. पाणी कमी सोडलं होतंस तू."

"मी नाही, याने."

"भावजी, समोर बघून चालवतोय मी," पुढून मेहुणा म्हणाला.

"बाकीच्या खोट्या," बाबा म्हणाले. श्वास जमवायला त्यांना एका सिग्नलचा वेळ लागला. "थेंब वाळले, मी बघत होतो. एक डाग नाही. रबराने पुसून इतकी स्वच्छ काच निघत नाही."

"मग कशाला?"

"ती खिडकी उघडत नाही रे. अकरा दिवस. तीनदा म्हटलं, मला घरी न्या. पहिल्यांदा तू म्हणालास, बरे झालात की नेऊ. दुसऱ्यांदा सूनबाई रडली. तिसऱ्यांदा सिस्टरने झोपेची गोळी दिली." ते थांबले. "घरी जायचं म्हटलं की गोळी देतात. काचेवर ओघळ आहे म्हटलं, तर साहेब दहा मिनिटांत स्वतः आला. मग म्हटलं, रस्ता सापडला."

सतरंजी घसरली होती, ती काचवाल्याने त्यांच्या पायांवर नीट ओढली.

"गाडी कुठे भिडवू नकोस म्हणावं त्याला," बाबा म्हणाले आणि डोळे मिटले.

घरी

नवव्या दिवशी साहेबांचा फोन आला. काचवाला मोरीत होता. पाणी गाळायचे मशीन दुरुस्तीला काढले होते.

"त्या बाजूला ऊन येतं ना, तिथं उभा राहून बघितलं मी," साहेब म्हणाले. "एकशे चौसष्ट काचा, एक ठिपका नाही. आणि तुमच्या वडिलांना नेल्यापासून तक्रारही नाही. एकसुद्धा नाही. माझीवाली मी फाडून टाकली, रजिस्टर भिजलंच होतं. कधीपासून येता?"

"आणि ती दुसरी कंपनी?"

"त्यांचं जाऊ द्या. ठरल्याप्रमाणेच करू. नऊ नंबर काल पुन्हा रिकामी झाली आहे. वडिलांना घेऊन या. रबरही बदललंय खिडकीचं, आता थेंब आत येणार नाही."

काचवाल्याने मोरीच्या दारातून बाहेर पाहिले. पुढच्या खोलीत पलंग खिडकीला लावला होता. दोन्ही तावदाने उघडी होती, रस्त्यावरची धूळ सरळ आत येत होती आणि बाबा झोपले होते. त्यांचा एक श्वास जाई, मग बराच वेळ काही नसे, मग दुसरा येई. बायको शेजारी बसून भाजी निवडत होती आणि प्रत्येक वेळी त्या मधल्या वेळात तिचा हात थांबत होता. काचवाल्याचाही थांबला. दुसरा श्वास आला.

"ऐकताय ना?" साहेब म्हणाले. "खाट धरून ठेवू?"

"काचा करतो, साहेब," काचवाला हळू आवाजात म्हणाला. "पैसे रोख द्या. खाट नको."