हिंमतरावांची खोल पाण्याची परीक्षा

‘पोहता येतं’ एवढंच म्हणून हिंमतराव थांबले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण थांबतील ते हिंमतराव कसले!

साल दोन हजार पाच. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत हिंमतराव अ‍ॅडमिन बघायचे. म्हणजे बाकीचे चारशे लोक अमेरिकेशी बोलायचे आणि हिंमतराव वॉटर कूलरवाल्याशी. एचआरच्या नम्रतानं कंपनीची ट्रिप कोकणात समुद्रावर न्यायची ठरवली आणि सहज विचारलं, “सर, तुम्हाला स्विमिंग येतं?”

“येतं म्हणजे? आमच्या अकोल्याकडच्या विहिरीत मी थेट काठावरून सूर मारायचो!” (शेवटचा सूर मारून तीस वर्षं झाली होती, तेवढं सांगायचं राहिलं.)

“वॉव! मग आपले लाइफगार्ड तुम्हीच!” म्हणत तिनं तशी मेल सगळ्यांना पाठवूनही दिली.

अडचण पोहण्याची नव्हती, पोटाची होती. दीड वर्षापूर्वी हिंमतरावांच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून बेंबीच्या उजवीकडे आतड्याचं टोक बाहेर काढलेलं आणि त्यावर एक पिशवी चिकटवलेली. पोटातलं सगळं त्या पिशवीत जमा व्हायचं. दिवसातून पाच-सहा वेळा ती रिकामी केली, की काम झालं. डॉक्टर म्हणाले होते, “पोहा, नाचा, काय वाटेल ते करा.” पण ऑफिसात त्यांनी ‘अपेंडिक्स’ सांगून रजा काढली होती. खरी गोष्ट कळली तर ही पोरंपोरी आपल्याकडे कीव करून बघतील, या विचारानंच त्यांच्या अंगावर काटा यायचा.

“काहून जी?” त्यांची बायको कौशल्याबाई चिडल्या की पुण्यातली पंचवीस वर्षं पुसून थेट माहेरच्या बोलीवर यायच्या. “घरी आंघोळ करताना पिशवीवर हात धरून बसता, अन् समुद्रात लोकायले वाचवता?”

पण बाई कामाच्या. शिलाई मशीन काढून त्यांनी कॉस्च्यूमच्या कापडाचा रुंद पट्टा शिवला, बेंबीच्या वर चार बोटं येईल असा. पिशवीच्या कडेनं वॉटरप्रूफ टेप लावली. गॅस निघून जायला पिशवीला बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत जाऊ नये म्हणून त्यावर स्टिकर चिकटवला.

“आता ऐका. आधी बिबवेवाडीच्या टँकवर रंगीत तालीम. निघताना पिशवी रिकामी करा. दोन तास आधी भात आणि केळं खा. कांदा नाही, कोबी नाही आणि सोडा तर अजिबात नाही. भोक बंद आहे.”

“सोडा कशाला पितोय मी?”

टँकच्या दारात पोचल्यावर हिंमतरावांचा घसा कोरडा पडला. समोरच गोटीसोड्याची गाडी होती. त्यांनी एक प्यायला. मग धीर यावा म्हणून आणखी एक.

आत भिंतीवर पाट्या होत्या. ‘बनियन घालून पोहू नये.’ ‘ज्यांना गप्पा मारायच्या आहेत त्यांनी घरी माराव्यात.’ ‘खोल पाण्यासाठी परीक्षा द्यावी लागेल. ओळखी सांगू नयेत.’

पोहायला शिकवणारे महिपती सर गळ्यात शिट्टी अडकवून खुर्चीत बसले होते. “हा पट्टा कसला?”

“हर्निया,” हिंमतरावांनी पाठ केलेलं उत्तर दिलं.

“असेल. टँक आडवा पार करा. पाय टेकला की नापास.”

हिंमतराव पाण्यात उतरले आणि काय आश्चर्य, तरंगले! विहीर आठवली, हातपाय आठवले, त्यांना मनापासून हसूच आलं. रुबाबात पलीकडचा कठडा धरला, तेवढ्यात शिट्टी वाजली.

“वर या. हर्निया इतका फुगतो?”

हिंमतरावांनी खाली पाहिलं. दोन गोटीसोडे पट्ट्याखाली टम्म पुरीसारखे फुगले होते.

“चाळीस वर्षं शिकवतोय,” सर म्हणाले. “लोक पाठीला डबा बांधतात, भोपळा बांधतात, पण उघड बांधतात. परीक्षेला फुगा लपवून आणणारे तुम्ही पहिलेच. काढा तो.”

“काढता येत नाही.”

“का?”

“चिकटवलाय.”

“चिकटवलाय! म्हणजे घरून तयारी करून कॉपी!”

काठावरच्या सगळ्या माना वळल्या. हिंमतरावांना घाम फुटला. (टँकमधून नुकत्याच निघालेल्या माणसाला घाम फुटलेला कुणी पाहिला नसेल.) लबाड ठरायचं की खरं सांगायचं? शेवटी त्यांनी सरांना क्लोरीनच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगून टाकलं. घराबाहेरच्या माणसाला ते पहिल्यांदाच सांगत होते.

सरांनी ऐकून घेतलं. “एवढंच ना? माझ्यापाशी राहील. जा, हवा काढून या आणि पुन्हा परीक्षा द्या.”

“पण मी तर पास...”

“फुग्यासकट झालात. नियम सगळ्यांना सारखा.”

हिंमतरावांचं मन एकदम हलकं झालं. पण शरीर काही झालं नाही. हवा काढून पुन्हा उतरले, मध्यापर्यंत कसेबसे गेले आणि तिथे दोन्ही पाय टेकून उभे राहिले. सरांनी कार्डावर लिहिलं, ‘उथळ पाणी. आधार आवश्यक.’ मग हळूच म्हणाले, “कमरेला रिंग घाला. बुडणार नाही आणि पोटही झाकेल.”

कौशल्याबाई त्यांना घेऊन शनिवार पेठेतल्या दुकानात गेल्या. “मोठ्या माणसाची रिंग आहे?”

“मोठी माणसं पोहायला शिकलेली असतात,” दुकानदार पेपरातून मान वर न करता म्हणाला. शेवटी सगळ्यात मोठी म्हणून जी मिळाली ती पिवळी होती. तिला बदकाची मान होती आणि लाल चोच.

रविवारी कोकणातल्या समुद्रात कंपनीचे लाइफगार्ड बदकात बसून तासभर मनसोक्त डुंबले. लाटा डोक्यावरून गेल्या, नाकातोंडात पाणी गेलं, पण पिशवी जागची हलली नाही. कुणालाही कसलाच पत्ता लागला नाही. परतीच्या बसमध्ये हिंमतराव लहान मुलासारखे खूश होते.

सोमवारी बदकाचा फोटो मेलवरून पुणे, बंगलोर आणि न्यू जर्सी ऑफिसला पोचला. दुपारी नम्रता टेबलापाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “सर, एक पर्सनल विचारू? तुमच्या ऑपरेशनबद्दल.”

हिंमतरावांचा हात आपोआप पोटाकडे गेला. संपलं सगळं! “विचार,” ते कसेबसे म्हणाले.

“माझ्या बाबांचं पुढच्या आठवड्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. त्यांना पोहण्याची फार आवड आहे हो,” नम्रताचा चेहरा रडवेला झाला होता. “अपेंडिक्स काढल्यावर माणूस पोहायला विसरतो का?”