डिमसम आणि सासऱ्यांचा पट्टा

"अहो बाबा, डिमसमचं काय घेऊन बसलात! आमच्या शहरात डिमसमचं असं एक हॉटेल दाखवा, जिथं मला ओळखत नाहीत!"

जावयानं फोनवर हे वाक्य फेकलं आणि पलीकडच्या सासऱ्यांनी रविवारी डिमसम खायला यायचं ठरवूनच टाकलं. सासरे म्हणजे निवृत्त ड्रायव्हिंग परीक्षक. उभ्या हयातीत त्यांनी कुणाला पहिल्या फटक्यात पास केलं नव्हतं. गाडीतून उतरताना ते फक्त "पुन्हा या" म्हणायचे, पुढचं समोरच्यानं समजून घ्यायचं. मुलीला मागणी घालायला आलेल्या या जावयालाही त्यांनी दोनदा "पुन्हा या" म्हणून वाटेला लावलं होतं. "लिफ्ट दुरुस्तीचं काम म्हणजे नुसतं वर-खाली. माणूस पुढे कधी जाणार?" हा त्यांचा शेरा जावयाच्या काळजात अजून रुतून बसला होता. यंदा काही करून पास व्हायचंच, असा त्याचा निश्चय होता.

फोन ठेवल्यावर बायकोनं कमरेवर हात ठेवले. "तू कधी खाल्लंयस डिमसम?"

"वास घेतलाय."

तसं तो खोटं बोलला नव्हता. डिमसमच्या, म्हणजे वाफवलेल्या चिनी पदार्थांच्या हॉटेलांत खाली स्वयंपाकघर, वर जेवायचा हॉल आणि मधे वाफाळत्या टोपल्या वर नेणारी छोटी लिफ्ट. ती बिघडली की शहरभर यालाच बोलावणं येई. काम झालं की गडी मागच्या जिन्यात बसून घरचा डबा खायचा.

"कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेऊ या," तो म्हणाला. "त्यांची लिफ्ट कधीच बिघडत नाही. चोख कारभार!"

"बिघडत नाही, कारण कुणी वापरतच नाही! गिऱ्हाईक कुठंय तिथं? जिथं गर्दी, तिथं लिफ्टला दम खायला वेळ नाही, आणि तिथंच बिघाड. तू सगळ्यात जास्त खेपा कुठं घालतोस?"

जावई तोंड उघडं टाकून बघतच राहिला. इतकी वर्षं लिफ्टमध्ये डोकं घालून त्याला हे सुचलं नव्हतं. "बाजारामागच्या हॉटेलात," तो म्हणाला. "तिथली लिफ्ट म्हणजे नुसतं दुखणं आहे."

"मग ठरलं!"

सगळ्यात जास्त बिघडणारी लिफ्ट रविवारी भरगर्दीत बिघडू शकते, हे मात्र त्या दोन हुशार जिवांच्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी सासरे-सासूबाई आले. जावयानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. "आज पाना-बिना काही नाही, आज तू यजमान," असं म्हणून बायकोनं अवजारांची पिशवी घरीच ठेवायला लावली. हॉटेलबाहेर ही रांग! सासरे घड्याळ बघू लागले, तोच आतून मालकीणबाई धावत आल्या.

"आलात! अगदी देवासारखे आलात हो!"

त्यांनी जावयाचा हात धरला तो सोडलाच नाही. सगळी रांग डावलून खिडकीपाशी टेबल मिळालं. सासऱ्यांच्या भुवया वर चढल्या. "अहो, मान बघा जावयांचा!" सासूबाई कुजबुजल्या.

मालकीणबाईंनीही जावयाच्या कानात कुजबुज केली. "लिफ्टच्या मोटारीचा पट्टा तुटलाय. शिजलेलं सगळं मधेच लटकलंय. अख्खा हॉल नुसता चहा पितोय!"

"मी जरा आत जाऊन पदार्थ निवडून येतो," जावई घाम पुसत म्हणाला.

थोड्या वेळानं तो परतला. शर्टावर ग्रीसचा पंजा उमटला होता. "आई, तुमची केसातली पिन द्याल?"

"पिन? कशाला हो?"

"शिजलंय का ते… टोचून बघतो."

पिन गेली. पुन्हा काही वेळानं तो आला, तेव्हा शर्ट कुठल्या रंगाचा होता हे सांगायची सोय उरली नव्हती. "बाबा, जरा तुमचा कमरेचा पट्टा मिळेल?"

सासऱ्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पदार्थ निवडायला?"

"भरपूर निवडलेत."

बायकोनं मेनूकार्डात तोंड लपवलं. सासऱ्यांनी मुकाट्यानं पट्टा काढून दिला, मग दोन्ही हातांनी पँट धरून तेही जावयाच्या मागोमाग आत गेले.

आत त्यांना आधी जावयाचे पाय दिसले. बाकीचा जावई लिफ्टशेजारच्या मोटारीच्या भोकात होता. सासूबाईंच्या पिनेनं त्यानं पट्ट्याची टोकं जोडली आणि पट्टा मोटारीवर चढवला. बटण दाबताच लिफ्टला असा हिसका बसला की टोपल्या खडखडल्या.

"हळू!" सासरे गरजले. सवयच ती. "घाई नको! आधी अंदाज घ्या! हां… आता सोडा!"

लिफ्ट डुलत डुलत वर आली. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. भोकातून काळंकुट्ट डोकं बाहेर आलं आणि समोर साक्षात परीक्षक उभे! जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, मी इथं आजवर एकदाही जेवलो नाही."

"आधी हात धुवा," सासरे म्हणाले. "भूक लागलीय."

मग टोपल्यांवर टोपल्या आल्या. सगळे असे तुटून पडले की बोलायला कुणाला फुरसत नव्हती. पांढरेशुभ्र पाव, आतलं गोडसर सारण, पोट भरलं तरी हात थांबेना. आणि अचानक सासऱ्यांचा घास हातातच थांबला.

"जावईबापू, शेजारच्या टेबलावरचे लोक पावाच्या तळाचा कागद सोलून टाकतायत."

चौघांनी आपल्या ताटल्यांत पाहिलं. कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

"आपण…?" बायको म्हणाली.

"आपण खाल्ला," सासरे जावयाकडे बोट दाखवत म्हणाले. "यांनी खाल्ला म्हणून मी खाल्ला. म्हटलं, जाणकार माणूस आहे!"

"मला तर तोच भाग कुरकुरीत लागला," सासूबाई म्हणाल्या.

पहिल्यांदा बायकोला हसू फुटलं, मग सासूबाईंना, मग जावयाला. आणि ज्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं ते सासरे टेबलावर थापा मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

निघताना दारात मालकीणबाई हात जोडून म्हणाल्या, "पुन्हा या हं!"

सासरे दचकून थबकले. आयुष्यभर त्यांनी इतरांना वाटलेलं वाक्य पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला आलं होतं. "यावंच लागेल," ते म्हणाले. "माझा पट्टा तुमच्या लिफ्टमध्ये आहे."

मग त्यांनी एक हात पँटवरून काढून जावयाच्या काळ्या पाठीवर ठेवला. पँट घसरू लागली, सासूबाई "अहो!" म्हणून ओरडल्या, पण त्यांनी हात काढला नाही.

"पास," सासरे म्हणाले.