इंदुबाईंकडे कोणीच आलं नाही

प्रणितने इंदुबाईंच्या मोरीचा नळ बदलला, गिरणीतून दळण आणलं, माळ्यावरची घूस हुसकली, पोटभर जेवला आणि संध्याकाळच्या गाडीने रोह्याहून पेणला परतला. कॉम्प्युटर लावून बघतो तर अमेरिकेहून मेल येऊन पडलेला. रोह्याजवळच्या वरसे येथील माझ्या घरी तुमचा माणूस आलाच नाही, सबब पैसे परत घेतले आहेत.

तुमचा माणूस म्हणजे प्रणितच. त्याच्या धंद्यात मालक, कामगार आणि शिपाई एकच होते. त्यांच्यात भांडणं होत नसत, एवढाच फायदा.

एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. पेणमध्ये रघूकाकाच्या गणपतीच्या कारखान्यावर एक खोली होती. तिथे प्रणितने 'मुलाच्या वतीने' नावाची सेवा काढली होती. परदेशातल्या मुलाने इंटरनेटवर कार्डाने पैसे भरायचे आणि रोहा-पेण पट्ट्यातल्या त्याच्या घरी जाऊन मुलगा करील ती कामं प्रणितने करायची. कौलं शाकारणे, लाइटबिल भरणे, डोळे तपासायला नेणे. 'लग्नाचा विषय काढल्यास मान खाली घालून ऐकणे' हेही वेबसाइटवर लिहिलेलं होतं आणि त्याला वेगळे पैसे नव्हते.

पैसे अमेरिकेतली एक कंपनी गोळा करून पाठवत असे. तिचा नियम असा, की कार्डवाल्याने 'सेवा मिळाली नाही' म्हटलं की बँक पैसे उलटे ओढून घेणार, वर दंड लावणार. काम केल्याचा पुरावा द्यायचा तो दुकानदाराने, म्हणजे प्रणितने. असं फार वेळा झालं तर खातं बंद. खातं बंद म्हणजे धंदा बंद. आणि धंदा बंद म्हणजे प्रणितने खाली जाऊन गणपतीच्या उंदरांना शेपट्या लावायच्या. रघूकाकाने त्याच्यासाठी स्टूलही राखून ठेवलं होतं.

इंदुबाईंचा एकुलता एक मुलगा जनार्दन न्यू जर्सीत होता; तो मेल त्याचाच. पैसे परत मिळत असल्यामुळे त्याला पुन्हा काम सांगायला काहीच अडचण नव्हती. प्रणितला मात्र प्रत्येक वेळी काम करावंच लागे. न करावं, तर तक्रार खरी ठरली असती.

"मावशी, या कागदावर सही करा," प्रणित पुढच्या खेपेला म्हणाला. "मी आलो होतो, एवढंच लिहिलंय."

"मी कशी करू? घरातला कर्ता जनू. सही त्याची."

"पण तोच म्हणतो ना, मी आलो नाही!"

"मग त्यालाच विचार, का म्हणतो ते. वाल वाढू?"

सही जमेना म्हणून प्रणितने उसना कॅमेरा आणला. काम करताना त्याचाच फोटो हवा, म्हणून बटण दाबायला शेजारच्या मैनाबाईंना बोलावलं. रोल पुरा संपल्याशिवाय धुवायला देणं हा मैनाबाईंच्या मते पैशाचा नास होता. तेव्हा उरलेल्या फोटोंसाठी आळीतल्या बायका नवी लुगडी नेसून आल्या. रोल धुऊन आला तेव्हा त्यात मैनाबाईंची म्हैस चार बाजूंनी होती आणि प्रणित एका फोटोत, गळ्यापासून खाली. कंपनीने कळवलं की शिडीवरील इसमाची ओळख पटत नाही. म्हशीबद्दल त्यांची काही हरकत नव्हती.

त्यानंतर अचानक मैनाबाईंच्या मस्कतमधल्या मुलाची, साहिलची तक्रार आली. मग त्याच आळीतल्या पुतळीबाईंच्या मुलाची. दोघांच्याही आयांनी प्रणितला चहा पाजून, पोहे खायला घालून, दारापर्यंत पोचवलं होतं. कंपनीने शेवटचा इशारा दिला. आणखी एक तक्रार सिद्ध झाली की खातं बंद. रघूकाकाने स्टूल पुसून ठेवलं.

मे महिन्यात जनार्दनने कौलं शाकारायचं काम सांगितलं. प्रणित सकाळच्या उन्हात इंदुबाईंच्या घरावर चढला. फुटकी कौलं काढली तसं भोकातून खालचं माजघर दिसू लागलं. तेवढ्यात फोन वाजला. इंदुबाई धावत आल्या, पदराने रिसीव्हर पुसला आणि कानाला लावला.

"नाय रे जनू. कोण नाय आला... व्हय, कौलं तशीच हायत. तू जेवलास काय?"

प्रणितने भोकातून डोकं खाली घातलं. "मावशी! मी वर आहे!"

इंदुबाईंनी मान वर केली नाही. "आवाज होय? वानरं रे. यंदा लय माजलीत." मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "ओरड, ओरड. त्या पेणवाल्याला चांगला दम दे. आवाज बसलाय काय रे तुझा? सर्दी झाली? गरम पाण्यात मीठ घाल... बरफ पडतो अजून? मग टोपी घाल. काय, विषय बदलू नको? बरं. नाय आला तो. जेवायला काय केलंस?"

प्रणित वरून ऐकत राहिला. इंदुबाईंचा चेहरा त्याने एवढा उजळलेला कधी पाहिला नव्हता. पलीकडून फोन ठेवला गेला, तरी त्यांनी रिसीव्हर तसाच कानाशी धरला होता. कौल त्याच्या हातात होतं, पण ते लावायचं त्याला सुचेना.

खाली उतरल्यावर त्याने विचारलं, "मावशी, का हो असं?"

इंदुबाईंनी ताट मांडलं. ताटावर जनार्दनचं नाव कोरलेलं होतं.

"आला म्हटलं की 'बरं, ठेवतो' म्हणतो. तिकडनं फोन महाग हाय. नाय आला म्हटलं की चिडतो. चिडला म्हंजे त्याला मीटर आठवत नाय."

"अहो, माझा धंदा बुडतोय!"

"म्हणून तर तुला जेवायला घालते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मैनाला पण मीच सांगितलं. 'साहिल दिवाळीनंतर बोलला नाय गो' म्हणत रडत होती. आता बघ, आठवड्याला शिव्या घालतो. तिची तब्येत किती सुधारलीय!"

प्रणित वालाची उसळ खाऊ लागला. इंदुबाई समोर बसून त्याचा घास घशाखाली उतरेपर्यंत पाहत राहिल्या. असं कोणी पाहत असलं की कायदेशीर मुद्दे मांडता येत नाहीत. तिसऱ्या भाकरीला त्याला उपाय सुचला.

नवी पद्धत अशी ठरली. काम झालं की आईने मनात एक शब्द धरायचा आणि तो प्रणितला सांगून ठेवायचा. मुलाने फोन करून तो आईकडून मिळवायचा आणि वेबसाइटवर लिहायचा. शब्द लिहिला म्हणजे सेवा मिळाली, मग तक्रारीला जागाच नाही. फोन केला नाही तर पुढचं काम बंद.

"पण शब्द कधी सांगायचा ते माझ्यावर ना?" इंदुबाईंनी विचारलं.

"तुमच्यावर."

"मग बेस."

तक्रारी साफ थांबल्या. 'भोपळा' हा शब्द काढून घेताना साहिलला मस्कतच्या आपल्या खोलीत कोण कोण राहतं ते नावानिशी सांगावं लागलं. पुतळीबाईंनी मुलाकडून लहानपणची कविता म्हणवून घेतली आणि मगच 'चिमटा' दिला. इंदुबाई तर 'आता सांगते' म्हणत एकदा दिवेलागणीपर्यंत पोचल्या. कंपनीने प्रणितचं अभिनंदन केलं. रघूकाका स्टुलावर स्वतःच बसू लागला.

पावसाळा सरता सरता जनार्दनची नवी मागणी आली. 'काम' या रकान्यात लिहिलं होतं : काही नाही. फक्त शब्द लागेल.

प्रणित तरीही वरशाला गेला. करायला काही नव्हतं, म्हणून ओसरीवर बसून आला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मेल. ग्राहक जनार्दन यांनी पैसे परत मागितले आहेत. तक्रारीचं कारण प्रणितने दोनदा वाचलं : सेवा मिळाली, परंतु अपुरी. आईने फोन उचलताच शब्द सांगून टाकला.

पहिल्या गाडीने तो इंदुबाईंच्या दारात हजर झाला. "मावशी, घाई का केलीत?"

"चुलीवर भात होता रे! लागायला आलेला. म्हटलं, पोराला ताटकळत कशाला ठेवायचं? मी आपलं पटकन 'पायली' म्हटलं. तर तो म्हणाला, एवढंच?" इंदुबाईंनी पदराने डोळे टिपले. ते धुराने चुरचुरत असावेत. चूल मात्र विझलेली होती. "म्हणाला, एवढंच, आई?"

"आता मी कंपनीला काय कळवू?"

इंदुबाईंनी क्षणभरही विचार केला नाही.

"लिही, की म्हातारी खोटं बोलली. पायली हा शब्दच नव्हता. खरा हवा असेल तर परत फोन कर म्हणावं." त्या उठल्या आणि आत जाऊन फोनजवळ पाट मांडून बसल्या. "आणि जाता जाता ते भाताचं भांडं उतरवून ठेव रे चुलीवरून. आज मी काय शिजवणार नाय."